नवे बिशप 'खंबीर' हवेत, म्हणजे नक्की काय हवे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. जुने बिशप पंचाहत्तरी झाल्यावर निवृत्त झाले. माणूस प्रेमळ, प्रार्थनाशील, पण 14 वर्षांत एकही अवघड निर्णय त्यांच्या हातून झाला नाही. तुमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) हिशेब चार वर्षे लोकांसमोर आलेले नाहीत. तुम्ही पाठवलेल्या तीन पत्रांची साधी पोचही आली नाही. दोन धर्मगुरूंचे भांडण सगळा धर्मप्रांत बघत राहिला. आता नव्या बिशपांचे नाव जाहीर झाले आहे, ते कडक आहेत असे कानावर येते आहे, आणि तुम्ही विचारता की आता तरी खंबीर नेतृत्व मिळेल का, फरक किती दिवसांत दिसेल, आणि आम्ही प्रापंचिकांनी काय करायचे. पहिल्याच आठवड्यात शिष्टमंडळ घेऊन जावे का, हेही विचारले आहे.

मी धर्मगुरू आहे. 19 वर्षे बिशप हाऊसमध्ये चॅन्सेलर होतो, म्हणजे धर्मप्रांताचे कागद, शिक्के आणि दप्तर माझ्याकडे. तीन बिशपांचे आगमन तिथून पाहिले. सध्या एक धर्मग्राम सांभाळतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी 'खंबीर' या शब्दाबद्दल. नवे बिशप आले की पहिल्या महिन्यात टपालाचा ढीग लागतो आणि तो फोडण्याचे काम चॅन्सेलरचे. निम्म्या पत्रांत एकच मागणी असायची: अमक्या फादरांची बदली करा. उरलेल्यांत निम्मी पत्रे त्याच फादरांना ठेवा म्हणणारी. प्रत्येकाला खंबीर बिशप हवा असतो तो दुसऱ्याच्या बाबतीत. यात तुम्हाला टोमणा नाही. तुमची पत्रे तशी नसावीत असे प्रश्नावरून वाटते. पण नव्या बिशपांच्या टेबलावर तुमचे पत्र याच ढिगात पडणार आहे, एवढे लक्षात ठेवा.

तुमच्या तीन तक्रारी पुन्हा वाचा. हिशेब दाखवले जात नाहीत, पत्राला उत्तर नाही, भांडण मिटवले नाही. यातल्या पहिल्या दोहोंना काही सिंहाचे काळीज लागत नाही. रोज दोन तास टेबलाशी बसण्याची सवय लागते. मी ज्या पहिल्या बिशपांकडे काम केले त्यांच्या टेबलाला डाव्या हाताला खाली एक खण होता. ज्या कागदावर सही केली तर कुणीतरी नाराज होईल, तो कागद त्या खणात जायचा. ते निवृत्त झाल्यावर आम्ही तो खण रिकामा केला. सर्वांत जुने पत्र 11 वर्षांपूर्वीचे होते. लिहिणारा वारला होता, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिले होते ते फादरही. त्या बिशपांविषयी आजही लोक आदराने बोलतात, आणि तो आदर खोटा नाही. पण त्या खणाची किंमत धर्मप्रांताने बरीच वर्षे मोजली, कारण ज्याला उत्तर मिळत नाही तो पुढच्या वेळी पत्र लिहीत नाही, पत्रक वाटतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: नवे बिशप वेळेवर निर्णय देतील का, आणि त्याचे कारण सांगतील का? नाही म्हणायचे असेल तर कारणासह नाही म्हणतील का? आवाज मोठा असणे, उपदेशात कडाडणे, पहिल्याच वर्षी बदल्यांचा धडाका लावणे, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आता अधिकार किती असतो ते बघू. पुढे सांगतो ती कलमे कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतली, म्हणजे लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांची आहेत. पूर्वेकडील विधींसाठी 1990 ची वेगळी संहिता आहे. कलम 391 नुसार बिशपांकडे कायदे करण्याचा, कारभाराचा आणि न्यायाचा असे तिन्ही अधिकार असतात. वाचताना राजाच वाटतो. प्रत्यक्षात त्या अधिकाराला चहूबाजूंनी कुंपणे आहेत, आणि ती मुद्दाम घातलेली आहेत.

सगळ्यांत मोठे कुंपण धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूच्या स्थैर्याचे. कलम 522 सांगते की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे, नेमणूक मुळात बेमुदत. ठरावीक मुदतीची नेमणूक करायची तर बिशप परिषदेने तशी मुभा दिलेली असावी लागते. मुदत संपली असेल तर बदली सोपी. मुदत बाकी असताना धर्मगुरू हटून बसला, तर बिशपांना आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, मन वळवावे लागते, त्याची कारणे लेखी घ्यावी लागतात, धर्मगुरू परिषदेने ठरवलेल्या यादीतल्या दोन प्रमुख धर्मगुरूंबरोबर ती कारणे तपासावी लागतात, पुन्हा समजूत घालावी लागते, आणि मगच आदेश काढता येतो. पदावरून दूर करायचे असेल तर कलम 1740 पासूनची वाट, ती याहून लांबची. त्या आदेशाविरुद्ध रोमकडे दाद मागता येते, आणि ती प्रलंबित असेपर्यंत बिशपांना तिथे नवा प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाही. तात्पुरता प्रशासक ठेवूनच भागवावे लागते.

हे सगळे इतके तपशिलात सांगतोय त्याला कारण आहे. माझे दुसरे बिशप 'खंबीर' म्हणूनच आले होते. लोक खूश होते. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी बदल्यांची लांबलचक यादी काढली. मी म्हटले, बिशप महोदय, या चौघांची मुदत बाकी आहे, पायऱ्या चढायला हव्यात. ते म्हणाले, पायऱ्या चढत बसलो तर माझीच मुदत संपेल. तिघांनी मुकाट्याने बॅग भरली. चौथा रोमला गेला, आणि आदेश परत आला: प्रक्रिया पाळलेली नाही. ते फादर होते तिथेच राहिले, आणि ज्या तक्रारींसाठी त्यांना हलवायचे होते त्या तक्रारी खऱ्या होत्या! पण त्यानंतर बिशपांनी त्या धर्मग्रामाचे नाव काढले नाही. घाईने केलेला खंबीरपणा डाव्या खणाइतकाच महाग पडला. तिथल्या लोकांना तर दुहेरी.

दुसरे कुंपण पैशाचे. वित्त समिती प्रत्येक धर्मप्रांतात सक्तीची आहे (कलम 492): किमान तीन माणसे, अर्थव्यवहार आणि मुलकी कायदा जाणणारी, बिशपांच्या जवळच्या नात्यातली नकोत. मोठ्या व्यवहारात बिशपांनी तिचे आणि सल्लागार मंडळाचे ऐकून घ्यायचे असते, आणि असाधारण व्यवहारात किंवा ठरावीक किमतीवरची मालमत्ता विकताना तर दोन्हींची संमती लागते. संमती नसेल तर बिशपांची सही व्यर्थ. तिसरे कुंपण संन्यस्त संघांचे. तुमच्या धर्मप्रांतातली शाळा किंवा दवाखाना एखाद्या संघाचा असेल, तर त्यांच्या अंतर्गत कारभारात बिशपांना हात घालता येत नाही. आत्म्यांची काळजी, सार्वजनिक उपासना आणि प्रेषितकार्य एवढ्यापुरतेच ते बिशपांच्या अधिकारात येतात. लोकांचा बराच राग इथे वाया जातो. शाळेच्या प्रवेशावरून बिशपांना शिव्या बसतात, आणि त्या शाळेवर त्यांची सही चालतच नसते.

फरक किती दिवसांत दिसेल, हे परिस्थितीवर आहे, आणि इथे मी नेमका आकडा देणार नाही. पण कशावर अवलंबून आहे ते सांगू शकतो. बिशपांचे वय बघा. कलम 401 नुसार 75 व्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो. साठीचा माणूस आला तर 15 वर्षे हातात आहेत, सत्तरी ओलांडलेला आला तर तो घडी बसवेल, नवे घर बांधणार नाही. ते याच धर्मप्रांतातले की बाहेरचे? आतल्याला माणसे ठाऊक असतात आणि त्याच कारणाने हात बांधलेले असतात. ज्याच्याबरोबर सेमिनरीत एका बाकावर बसलो त्याला कारणे दाखवा म्हणणे सोपे नसते. बाहेरच्याला पहिले वर्ष नावे पाठ करण्यात जाते. माझा अनुभव विचाराल तर बाहेरून आलेले बिशप दुसऱ्या वर्षी जास्त कामाचे ठरतात, पण एवढ्याशा अनुभवावरून नियम काढू नये.

पद किती दिवस रिकामे होते, हाही मोठा मुद्दा. रिक्त काळात धर्मप्रांताचा प्रशासक कारभार बघतो, पण कायदा त्याला नवे काही करू नको म्हणतो (कलम 428), आणि पद रिकामे होऊन वर्ष उलटल्याशिवाय त्याला प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाहीत. त्यामुळे नव्या बिशपांच्या वाट्याला तुंबलेल्या नेमणुका येतात. पहिल्या दोन-चार महिन्यांत ज्या बदल्या दिसतील त्यांतल्या पुष्कळशा ही थकबाकी असते. त्यावरून त्यांच्या स्वभावाचे अंदाज बांधू नका.

मग कशावरून बांधायचे? मी स्वतः तीन-चार गोष्टींकडे बघतो, आणि त्या सगळ्या कंटाळवाण्या आहेत.

बिशपांचे पद रिकामे झाले की व्हिकर जनरलचे, म्हणजे कारभारातल्या त्यांच्या उजव्या हाताचे, पद संपते, धर्मगुरू परिषद विसर्जित होते, पाळकीय परिषदही संपते. धर्मगुरू परिषद नव्या बिशपांनी पदग्रहणापासून वर्षाच्या आत पुन्हा स्थापन करायची असते (कलम 501), आणि तिच्यातले साधारण निम्मे सदस्य धर्मगुरूंनी स्वतः निवडून दिलेले असतात. ही परिषद वेळेवर बसली का? तिच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका आधी गेली का? ती केवळ सल्ला देते हे खरे. पण जे बिशप सल्ला ऐकायला घाबरतात ते निर्णय द्यायलाही घाबरतात, असे मी पाहिले आहे. पाळकीय परिषदेत प्रापंचिक असतात, ती वर्षातून एकदा तरी बोलवायची असते. तिचे काय होते ते तुम्हाला घरबसल्या कळेल.

दुसरी गोष्ट, व्हिकर जनरल कोण होतो. बातमी दीक्षाविधीची छापून येते, पण धर्मप्रांताचा पुढचा दशकभराचा स्वभाव या एका नेमणुकीत ठरतो. बिशपांना 'नाही, महोदय' म्हणू शकेल असा माणूस त्या खुर्चीत आला तर मी निश्चिंत होतो. सगळ्यांना आवडणारा माणूस आला तर जरा काळजी वाटते. वित्ताधिकाऱ्याचे पद आपोआप संपत नाही, त्याची नेमणूक पाच वर्षांची असते. त्यामुळे ती मुदत संपेल तेव्हा काय होते तेही बघा.

तिसरी गोष्ट, भेटी. कलम 396 म्हणते की बिशपांनी दर पाच वर्षांत निदान एकदा सगळा धर्मप्रांत भेटून संपवावा. भेट म्हणजे सणाच्या मिस्सेला येऊन, हारतुरे घेऊन, जेवून जाणे नव्हे. दप्तर उघडायचे, बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या बघायच्या, हिशेब बघायचे, फादरांशी एकट्याने बोलायचे, लोकांशी फादर नसताना बोलायचे. गंमत म्हणजे पुढच्याच एका कलमात, 398 मध्ये, बिशपांना बजावले आहे की भेटीचा अनावश्यक खर्च कुणावर टाकू नका. शतकानुशतकांच्या अनुभवातून आलेले कलम आहे ते.

कडक बिशपांचा विषय निघाला की मिलानच्या चार्ल्स बोरोमिओंचे नाव येतेच. ते 1565 मध्ये मिलानला राहायला आले, त्याआधी जवळपास 80 वर्षे तिथे निवासी आर्चबिशपच नव्हते. त्यांच्याकडून सुधारणा होत असलेल्या एका संघातल्या माणसाने 1569 मध्ये त्यांच्यावर गोळी झाडली, ते बचावले. लोकांना ही गोळी आठवते. मला त्यांच्या 11 धर्मप्रांतीय सभा आणि डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंतच्या भेटी जास्त आठवतात. 46 व्या वर्षी, 1584 मध्ये, वारले; तोवर पायाखालून घातलेला धर्मप्रांत त्यांना तोंडपाठ होता. त्यांचा कडकपणा लोकांनी सोसला याचे एक कारण माझ्या मते हे की ते आधी प्रत्यक्ष जाऊन आलेले असायचे.

आता तुम्ही काय करायचे ते. तुमच्या पत्रांना उत्तर आले नाही यात सगळी चूक बिशप हाऊसची असेलच असे नाही. (बहुधा असते.) मी हजारो पत्रे वाचली, त्यावरून सांगतो: एका पत्रात एकच विषय. पहिल्या परिच्छेदात काय घडले, तारखांसह. दुसऱ्यात तुम्ही आधी कुणाकडे गेलात, फादरांकडे, डीनकडे (आसपासच्या काही धर्मग्रामांवर लक्ष ठेवणारे धर्मगुरू), आणि काय उत्तर मिळाले. तिसऱ्यात नेमकी मागणी, जिच्यावर हो किंवा नाही म्हणता येईल. 'लक्ष घालावे' ही मागणी होत नाही. 'धर्मग्रामाच्या वित्त समितीची शेवटची बैठक कधी झाली हे कळवावे' ही होते. खाली खरी नावे आणि सह्या. निनावी पत्र माझ्याकडून पुढे जातच नसे, आणि दोनशे सह्यांच्या पत्रापेक्षा पाच जबाबदार माणसांचे पत्र बिशप जास्त गंभीरपणे वाचतात, कारण दोनशे सह्या कशा जमतात हे त्यांनाही माहीत असते. पोच मागा. कलम 212 नुसार आपल्या गरजा आणि मत पाळकांना कळवणे हा तुमचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही. त्यामुळे क्षमायाचना करत लिहू नका. आणि रीतसर अर्ज करून कायद्याप्रमाणे जो निर्णय मिळायला हवा तो तीन महिन्यांत मिळाला नाही, तर कलम 57 नुसार तो नकार धरून वर दाद मागता येते. या कलमाची धमकी पहिल्या पत्रात देऊ नका. माहीत असू द्या, एवढेच.

हिशेबाच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची आहे (कलम 537), आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा असे कलम 1287 स्पष्ट सांगते. तपशील धर्मप्रांताच्या नियमांनी ठरतो. म्हणून नव्या बिशपांकडे फादरांची तक्रार घेऊन जाण्याऐवजी नियम मागा: दरवर्षी अमुक तारखेपर्यंत सगळ्या धर्मग्रामांनी हिशेब लोकांपुढे ठेवावेत असा आदेश काढावा. यात कुणा एकाचे नाक कापले जात नाही, सही करणे सोपे जाते, आणि तुमच्या फादरांनाही बाकीच्यांबरोबर वाकता येते.

दोन धर्मगुरूंचे भांडण मात्र बिशपांवर सोडा. त्यात कुठल्याही गटाची पत्रे लिहू नका. बिशप दोघांना बोलावतील, एका खोलीत बसवतील, कदाचित दोनदा-तीनदा. बाहेरून दडपण आले की दोघांनाही मागे हटणे कठीण जाते.

एक गोष्ट या सगळ्या धीराच्या बोलण्यातून वेगळी काढतो. तक्रार लहान मुलांच्या किंवा दुबळ्या माणसाच्या शोषणाची असेल तर वरचे काही लागू नाही. पहिले वर्ष, तुंबलेले काम, पायऱ्या, काही नाही. आधी पोलीस, आणि त्याच दिवशी धर्मप्रांताची तक्रार यंत्रणा. 2019 च्या पोपच्या आदेशाने अशी यंत्रणा प्रत्येक धर्मप्रांताला बंधनकारक केली, आणि 2023 पासून तो आदेश कायमचा झाला. दडपादडपीचा आरोप खुद्द बिशपांवर असेल तर तीही तक्रार घेतली जाते. ती साधारणपणे प्रांतातल्या आर्चबिशपांमार्फत चालते. इथे उशीर करणाऱ्या बिशपांना 'अजून नवे आहेत' म्हणून सवलत देऊ नका.

राहिला शिष्टमंडळाचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात जाऊ नका. त्या आठवड्यात बिशपांना दिवसाला पंचवीस शिष्टमंडळे भेटतात, प्रत्येकाबरोबर फोटो निघतो, आणि रात्री त्यांना एकही चेहरा आठवत नाही. ती भेट ठरवणारा आणि बाहेर रांग लावणारा मीच असे. तीन महिने थांबा. मग चॅन्सेलरला फोन करून 20 मिनिटे मागा, तिघेच जा, त्यातली एक बाई असू द्या आणि एक तरी तिशीच्या आतला, आणि हिशेबाच्या आदेशाचा मसुदा एका पानावर टाइप करून न्या. टेबलावर ठेवून या. तो कुठल्या खणात जातो ते पुढच्या तीन महिन्यांत कळेल.